विम्याची जोखीम वाटली, जबाबदारी कोणाची?

आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरात गेली. सातबारा, फेरफार, तहकुबी, तगाई, आणेवारी हे शब्द आम्ही जसे कागदावर वाचले तसेच कळंबच्या बाजारात शेतकऱ्यांच्या तोंडूनही ऐकले. ज्यास अक्षरओळख नाही असा मनुष्यही ‘गावाची आणेवारी पन्नास पैशांच्या वर गेली’ एवढे ऐकताच मान हलवून निघून जाई. यंदा दुष्काळाची सवलत नाही, हे त्यास दुसऱ्या कोणी समजावून द्यावे लागत नसे. शब्दाचा पोटाशी संबंध आला म्हणजे तो आपोआप घरचा होतो. पीक विम्याचा संबंधही पोटाशीच आहे. १९८५ साली व्यापक पीक विमा योजना निघाली, १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आली आणि २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना चालू आहे. म्हणजे विमा आपल्याकडे येऊन चाळीस वर्षे लोटली. तरी त्याचे शब्द मात्र अजून परकेच राहिले आहेत. आणि जो शब्द आपणांस कळत नाही, त्याच्या आड कोणीही लपू शकतो. या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच.

प्रथम चार शब्द पाहू. ‘विमा संरक्षित रक्कम’ म्हणजे हेक्टरी जास्तीत जास्त जेवढे मिळू शकेल ती रक्कम. ‘हप्ता’ आपणांस ठाऊक आहे. खरिपाच्या अन्नधान्य व गळिताच्या पिकांस तो संरक्षित रकमेच्या शेकडा २, रब्बीस शेकडा दीड, आणि कापसासारख्या नगदी पिकास शेकडा ५, किंवा विमांकिक दर त्याहून कमी असल्यास तेवढाच. ‘विमांकिक दर’ म्हणजे मागील वर्षांची नुकसानी पाहून हिशेबाने काढलेला हप्त्याचा खरा दर. शेतकऱ्याच्या वाट्यावरील बाकी रक्कम केंद्र व राज्य सरकार भरते. तिसरा शब्द ‘जोखीमस्तर’. आपल्या राज्यात तो शेकडा ७० धरला जातो. चौथा शब्द ‘उंबरठा उत्पादन’. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढावी आणि तिला जोखीमस्तराने गुणावे, म्हणजे उंबरठा निघतो. यंदाचे उत्पादन त्या उंबरठ्याच्या खाली गेले तरच भरपाईचे दार उघडते.

समजा, एखाद्या मंडळात सोयाबीनची सरासरी हेक्टरी १२०० किलो आहे. तिचे शेकडा ७० म्हणजे ८४० किलो हा उंबरठा झाला. यंदा मंडळाचे उत्पादन ६३० किलो निघाले, तर तूट २१० किलोंची, म्हणजे उंबरठ्याच्या चौथाईची. संरक्षित रक्कम ५६,००० रुपये असेल तर हेक्टरी १४,००० रुपये मिळतील. परंतु उत्पादन १२०० वरून ८५० वर घसरले, तर दर हेक्टरी साडेतीन क्विंटल बुडूनही पदरी एक पैसा पडणार नाही, कारण उंबरठा ओलांडला गेला नाही. तसेच मंडळाचे उत्पादन ८४० च्या वर असेल आणि आपल्या एकट्याच्या शेतात काहीच पिकले नसेल, तरीही उत्पादनाच्या कलमाखाली आपणांस काही मिळणार नाही. हा हिशेब हप्ता भरण्यापूर्वी किती जणांस ठाऊक असतो? आम्ही गेल्या वर्षी ओळखीच्या दहा-बारा जणांस विचारले. एकासही ठाऊक नव्हता, आणि त्यांत दोघे पदवीधर होते.

असा सामुदायिक हिशेब का ठेविला, यासही कारण आहे, आणि ते वाईट नाही. १९७२ साली गुजरातेत एच-४ जातीच्या कापसावर प्रथम वैयक्तिक विम्याचा प्रयोग झाला; पुढे तो महाराष्ट्रासह इतर काही प्रांतांत नेला गेला आणि १९७८-७९ पर्यंत चालला. एकंदर ३,११० शेतकऱ्यांकडून ४.५४ लाख रुपये हप्ता जमा झाला आणि भरपाई ३७.८८ लाख रुपये द्यावी लागली. प्रत्येक शेत स्वतंत्र पाहून नुकसान ठरविणे कोणत्याही कंपनीस झेपणारे नाही, हे त्यावरून उघड झाले. तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांनी सारख्या हवापाण्याचा भाग एकच घटक धरून विमा करावा, असे सुचविले आणि १९७९ पासून त्या धर्तीवर प्रयोग सुरू झाले. आज आपल्या राज्यात तो घटक म्हणजे महसूल मंडळ होय. मंडळातील निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांवरून, काही पिकांत उपग्रहाच्या प्रतिमांचीही जोड घेऊन, साऱ्या मंडळाचे उत्पादन ठरते. आणेवारी काढण्यात ज्यांची हयात गेली त्यांस यात नवल वाटण्याचे कारण नाही. अडचण पद्धतीची नाही. ती समजावून न सांगण्याची आहे.

आता पुनर्विम्याकडे वळू. हा शब्द ऐकून पुष्कळांस वाटते की, पुढच्या वर्षी पुन्हा विमा काढणे म्हणजे पुनर्विमा. तसे नव्हे. आपण जशी पिकाची जोखीम कंपनीच्या अंगावर टाकतो, तशी कंपनीही त्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या अंगावर टाकते; त्या व्यवहारास पुनर्विमा म्हणतात. आपल्या भागात त्याला समजण्याजोगा दृष्टांत बटईचा. मालक जमीन बटईने देतो तेव्हा खर्च आणि पीक ठरल्या हिश्शाने वाटले जाते. पुनर्विम्याच्या एका प्रकारात नेमके हेच घडते: हप्त्याचा जेवढा हिस्सा दुसऱ्यास दिला, नुकसानीचा तेवढाच हिस्सा त्याने सोसावयाचा. दुसऱ्या प्रकारात, नुकसान एका ठरावीक मर्यादेपर्यंत पहिल्या कंपनीने सोसावे आणि त्यावरचा भार पुनर्विमा कंपनीने उचलावा, असा करार असतो.

ही कल्पना आगीतून जन्मली, असे म्हटले तरी चालेल. १८४२ साली जर्मनीतील हाम्बुर्ग शहर जळाले, आणि त्यानंतर १८४६ साली कोलोन येथे केवळ पुनर्विम्याचा धंदा करणारी कंपनी उभी राहिली. १८६१ साली स्वित्झर्लंडातील ग्लारुस गाव जळाले, आणि १८६३ साली झुरिच येथे स्विस री ही कंपनी निघाली. एका गावचा विमा एकाच गावातील पैशावर चालत नाही, कारण आग लागली म्हणजे सर्वांचीच घरे एकदम जळतात. दुष्काळाचेही तसेच आहे. आपल्या देशात १९७२ साली स्थापन झालेल्या जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनकडे २००० सालापासून हे काम आहे. तिची कचेरी मुंबईस असून तिला आता जीआयसी री म्हणतात. २०२२-२३ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने आपल्या धंद्याचा शेकडा ४ हिस्सा तिच्याकडे द्यावा असा नियम आहे. त्यावरची जोखीम कंपन्या देशांत व परदेशांत आपल्या मर्जीने वाटतात.

आपल्या राज्यात याखेरीज आणखी एक वाटणी आहे. बीड जिल्ह्यात २०२० साली सुरू झालेली आणि २०२२ पासून राज्यभर लागू झालेली ती ८०:११० ची रीत. जमलेला एकूण हप्ता १०० रुपये धरला तर ११० रुपयांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यावी आणि त्यावरची राज्य सरकारने द्यावी. उलट भरपाई ५० रुपयेच द्यावी लागली, तर कंपनीने २० रुपये स्वतःकडे ठेवून ३० रुपये सरकारास परत करावेत. म्हणजे एका अर्थी राज्य सरकारच येथे पुनर्विमाकार होऊन बसले आहे. ही रीत आम्हांस न्याय्य वाटते. सुकाळात कंपनीने सारा हप्ता गिळावा आणि दुष्काळात हात वर करावेत, यास तिने आळा बसतो.

परंतु शेतकरी बंधूंनी एक गोष्ट मनात पक्की धरावी. आपला करार पहिल्या कंपनीशी आहे. तिने जोखीम मुंबईस दिली की झुरिचला दिली, याच्याशी आपले देणेघेणे नाही. बटईदाराने मालकाचा हिस्सा पोचविला नाही, म्हणून मालकाने सरकारचा शेतसारा बुडविला तर आम्ही दप्तरात ते कधी चालवून घेतले नाही. त्याच न्यायाने, पुनर्विम्याचा पैसा अजून आला नाही, सरकारचा हिस्सा अजून आला नाही, असे सांगून कोणी आपणांस परत पाठवू लागला तर ते त्यांचे आपसांतले भांडण समजावे.

जोखमीची ही वाटणी झाली; आता कामाची वाटणी पाहू. जोखीम बटईने जाते, तर काम ठेक्याने जाते. अर्ज भरून घेणे सेवा केंद्राकडे, फोन घेणे दूरच्या शहरातील फोन केंद्राकडे, शेत पाहणे एखाद्या बाहेरच्या एजन्सीकडे, आणि त्या एजन्सीची माणसेही हंगामापुरती लावलेली. ठेक्यातून पुन्हा पोटठेका निघतो. शेवटी आपल्या बांधावर जो तरुण येतो तो कंपनीचा नसतो, कित्येकदा त्या एजन्सीचाही पुरता नसतो.

आमचाच अनुभव सांगतो. २०२३ च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली तेव्हा नाल्याकाठचे आमचे सोयाबीन तीन दिवस पाण्याखाली होते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे आम्ही ७२ तासांच्या आत फोन करून खबर दिली. पलीकडच्या बाईंनी कारण विचारले. आम्ही म्हणालो, ‘अतिवृष्टी.’ त्यांनी तेच नोंदविले. आमची चूक येथेच झाली. स्थानिक आपत्तीच्या यादीत गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणे, ढगफुटी आणि वीज पडून लागलेली आग एवढीच कारणे होती; ‘अतिवृष्टी’ हा शब्द तीत नव्हता. बाईंस ते ठाऊक होते किंवा नव्हते, आम्हांस कळावयास मार्ग नाही. त्यांस ठरलेले प्रश्न विचारण्याचा पगार मिळत होता, शेतकऱ्यास सावध करण्याचा नव्हे. बाराव्या दिवशी एक मुलगा आला. बिचारा परजिल्ह्यातला, मोटारसायकलवर चिखलाने भरलेला, सकाळपासून उपाशी. आम्ही त्यास भाकर वाढली. त्याने शेताचे फोटो घेतले आणि एका कोऱ्या नमुन्यावर आमची सही मागितली. ‘काका, आकडे संध्याकाळी बसून भरतो, अजून नऊ शेते पाहावयाची आहेत,’ असे म्हणाला. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे तीस वर्षे साऱ्या तालुक्यास सांगणाऱ्या आम्हीच त्या दिवशी कोऱ्या कागदावर सही केली.

पुढे दिवाळी झाली, संक्रांत झाली. दावा नामंजूर झाल्याचे कळले तेव्हा आम्ही पंचनाम्याची प्रत मागितली. कंपनीचा माणूस म्हणाला, पाहणी एजन्सीने केली, कागद तिच्याकडे आहेत. एजन्सीच्या क्रमांकावर उत्तर मिळाले की, आमचा करार हंगामाबरोबर संपला. त्या मुलाचा फोन बंद होता. कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण गाऱ्हाणे एका कंपनीचे नाही. दप्तरात एखादा कागद हरवला तर निदान कोणत्या मेजावरून हरवला हे तरी सांगता येत असे. येथे मेजच नाहीसे झाले होते.

ठेक्याची दुसरी बाजू एक रुपयाच्या विम्याने दाखविली. २०२३ च्या खरिपापासून राज्याने शेतकऱ्याचा हिस्सा स्वतः भरून अवघ्या एक रुपयात विमा दिला. हेतू उत्तम होता. अर्ज भरणाऱ्या केंद्रास मात्र दर अर्जामागे ४० रुपये कंपनीकडून मिळत. अर्ज खरा असो वा खोटा, मोबदला तोच. पुढे जमीन नसलेल्यांच्या आणि पीक नसलेल्या जमिनीच्या नावाने भरलेले बनावट अर्ज मोठ्या संख्येने उघडकीस आले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलतच मागे घेण्यात आली. त्याबरोबर स्थानिक आपत्तीची वैयक्तिक भरपाईही त्या हंगामी वगळून केवळ पीक कापणी प्रयोगावरील भरपाई तेवढी ठेविली गेली. सगळेच केंद्रचालक लबाड होते असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या ओळखीचे कित्येक जण रात्री जागून लोकांचे अर्ज बिनचूक भरीत. पण ज्या कामाचा दाम केवळ संख्येवर ठरतो त्या कामात संख्याच वाढावयाची. त्याचा दंड मात्र खऱ्या शेतकऱ्यास बसला.

यावर असे उत्तर येईल की, पाऊस महिनाभराचा, आणि कंपनीने बारा महिने तालुक्या-तालुक्यांत माणसे पोसावी काय? तसे केल्यास हप्ताच वाढेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही मानतो. कापूस वेचणीस आपणही बाहेरून मजूर आणतोच. पण वेचणीत कचरा आला तर जिनिंगवाला मजुरास धरीत नाही. ज्याचा कापूस त्याचा भाव कापतो. विमा नियामकाने २०१७ साली केलेल्या नियमांतही हेच तत्त्व होते. कंपनीने किरकोळ कामे बाहेर द्यावीत, परंतु दाव्याचा निर्णय आणि तक्रारीचे निवारण बाहेर देऊ नये, आणि बाहेर दिलेल्या कामाची जबाबदारी कंपनीवरच राहावी. २०२४ साली ते नियम नव्या एकत्रित नियमांत सामावले गेले. तेव्हा ‘एजन्सीला विचारा’ हे उत्तर आपण कधीही मान्य करण्याचे कारण नाही.

ही गोष्ट आज बोलण्यास निमित्तही आहे. २०२६ च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान स्थानिक आपत्तीत धरावयाचे, असे केंद्र सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. खबर ७२ तासांत, फोटोसह ॲपवर द्यावयाची. रानडुकरांनी आणि रोह्यांनी रात्रीतून वाफे लोळविलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्या कळंबच्या शेतकऱ्यास याचे मोल सांगावयास नको. पण वैयक्तिक पाहणी आली की पुन्हा पाहणारा येणार, आणि पुन्हा तो ठेक्याचाच असणार. जुनी चूक नव्या नावाने घडू नये, म्हणून आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, पावतीबरोबर मराठीत एक पान द्यावे. त्यावर आपल्या मंडळाचे उंबरठा उत्पादन, जोखीमस्तर, संरक्षित रक्कम आणि नुकसानीची मान्य कारणे आकड्यांसह छापावीत. दुसरी, पंचनाम्याची भरलेली प्रत जागेवरच द्यावी आणि तीवर पाहणाऱ्याचे नाव, एजन्सीचे नाव व कंपनीचे नाव स्पष्ट असावे. तिसरी, भरपाईचा शेवटचा रुपया वाटला जाईपर्यंत तालुक्याच्या ठिकाणी कंपनीचा एक तरी स्वतःचा, उत्तर देण्यास बांधलेला मनुष्य बसावा. चौथी, कोणते काम कोणास ठेक्याने दिले, त्याची यादी तहसील कचेरीत लावावी.

सरकार व कंपन्या हे करतील तेव्हा करोत. आपल्या संस्थेने तोवर स्वस्थ बसू नये. संस्थेच्या सभेत हप्ता भरण्यापूर्वी आपल्या मंडळाचा उंबरठा मोठ्याने वाचून दाखवावा. एक साधी वही ठेवून तीत कोणी कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने खबर दिली, तिचा क्रमांक काय आणि पाहणीस कोण आला, हे लिहून ठेवावे. पीक कापणी प्रयोग उघड्या शेतात होतो. त्या दिवशी दोन जाणत्या माणसांनी तेथे उभे राहून वजन पाहावे, कारण त्या एका तराजूवर साऱ्या मंडळाचे नशीब तोलले जाते. आणि गाऱ्हाणे असेल तर फोनवर भांडत न बसता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील तक्रार निवारण समितीकडे लेखी द्यावे. आमचा अनुभव असा की, तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते आणि आवक क्रमांक पडलेल्या कागदास कधी ना कधी उत्तर द्यावेच लागते.

आमचे सोयाबीन गेले, त्याचे दुःख आता उरले नाही. त्या मुलाचाही आम्हांस राग नाही. त्यास शेतामागे काय मिळत असेल याचा आम्ही अंदाज करू शकतो. राग असेल तो आमच्याच त्या सहीचा. जोखीम दहा जणांत वाटता येते, काम वीस जणांस देता येते. परंतु ज्याने हप्ता घेतला त्याची जबाबदारी त्याच्याच दारात राहिली पाहिजे. ती त्या दारात उभी करावयाची तर आपण दाराचे नाव नीट वाचावयास शिकले पाहिजे, आणि कोरा कागद पुढे आला की भाकर जरूर वाढावी, सही मात्र राखून ठेवावी.